गोळीने थांबलेला ठणका

रायपूरच्या सदर बाजारात सराफ्याची दुकाने एकाला एक लागून उभी आहेत. लग्नसराईत किंवा धनत्रयोदशीच्या आठवड्यात दुकानावर बसलेल्या माणसाला जेवायला उठणे कठीण, मग दाताच्या डॉक्टरकडे तास-दोन तास घालवणे दूरच. मागच्या खोलीत दागिने घडवणाऱ्या कारागिराचे तर रोजच्या कामावर पोट. यांच्यापैकी कोणाची दाढ ठणकू लागली की पहिली धाव जवळच्या मेडिकलकडे जाते. ‘दाढदुखीवर काहीतरी द्या’ एवढे म्हटले की बहुधा दोन पाकिटे मिळतात. एक दुखणे शमवणाऱ्या गोळ्यांचे आणि दुसरे अँटिबायोटिकचे. त्यात अमॉक्सिसिलिन असते, नाहीतर मेट्रोनिडाझोल, नाहीतर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र केलेली गोळी. तीन-चार दिवसांत ठणका थांबतो आणि दाढ विसरली जाते. नागपूरच्या महालात किंवा पुण्याच्या रविवार पेठेतही यापेक्षा वेगळे घडत नाही. दुखणे थांबले हे खरेच आहे. पण अँटिबायोटिकने थांबवले, हे बहुतेक वेळा खरे नसते. हा समज इतका चिवट असण्याचे कारण असे की तो अडाणीपणातून आलेला नाही, लोकांच्या स्वतःच्या अनुभवातून आलेला आहे. म्हणून आधी तो अनुभवच नीट तपासला पाहिजे.

दाताच्या कठीण कवचाआड रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गर असतो. या गराला बाहेरून रक्त मिळते ते मुळाच्या टोकाशी असलेल्या, एक मिलिमीटरहूनही लहान छिद्रातून. कीड खोल गेली, जंतू गराजवळ पोचले की तिथे दाह सुरू होतो. हाताला किंवा पायाला जखम झाली तर भोवतालचा भाग सुजतो, फुगतो, कारण त्याला फुगायला जागा असते. दातातल्या गराला ती जागाच नाही. चारही बाजूंनी हाडाहूनही कठीण भिंत, आणि आत दाब वाढत जातो. गरम चहाची कळ मिनिटामिनिटांनी लांबते. रात्री आडवे झाले की डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो आणि तोच ठणका असह्य होतो. दाब वाढत गेला की गराला रक्त पुरवणाऱ्या त्या बारीक वाहिन्याच चेपल्या जातात, आणि गर हळूहळू मरतो. याला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. गरासोबत त्यातली नसही मरते, आणि मेलेली नस दुखत नाही. माणूस मेडिकलमध्ये जातो तो ठणका शिगेला पोचल्यावर, म्हणजे बऱ्याचदा गर मरणाच्या जवळ आलेला असतानाच. पुढच्या चार दिवसांत दुखणे ओसरणार असते. त्या चार दिवसांत पोटात गेलेल्या गोळीला त्याचे श्रेय मिळते. सोबतच्या वेदनाशामकाने दिलेला खराखुरा आरामही तिच्याच खात्यावर जमा होतो.

हे नुसते तर्काने मांडलेले नाही. २००० साली अमेरिकेत एक छोटा पण नेटका प्रयोग झाला. असह्य दाढदुखी घेऊन आलेल्या, पण गर अजून जिवंत असलेल्या ४० प्रौढांचे दोन गट केले. एका गटाला सात दिवस पेनिसिलिन दिले, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दुखणे शमवणारी औषधे दोघांनाही दिली होती. आठवडाभर प्रत्येकाने ठणका किती, दातावर टिचकी मारल्यावर किती दुखते, वेदनाशामक गोळ्या किती लागल्या, याची नोंद ठेवली. दोन्ही गटांत सांगण्याजोगा फरक निघाला नाही. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००५ मध्ये आणि पुढे २०१९ पर्यंत पुन्हा पुन्हा हा विषय तपासला, आणि अँटिबायोटिकच्या बाजूचा पुरावा तिला सापडला नाही. एकच प्रयोग आणि तोही ४० माणसांचा, त्यावर एवढा भरवसा कसा ठेवायचा, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. तेवढ्या आकड्यावर एकट्याने काही सिद्ध होत नाही. पण औषध उपयोगी आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी औषधाची बाजू घेणाऱ्यांवर असते. इतकी दशके, इतक्या गोळ्या खपूनही तसा पुरावा उभा राहिला नाही, आणि दाताची रचना पाहिली तर तो का उभा राहिला नाही हेही कळते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये सगळा पुरावा मांडून जी मार्गदर्शिका काढली, ती या बाबतीत स्पष्ट आहे. एरवी तब्येत धडधाकट असलेल्या प्रौढाला दातातल्या गराच्या दाहासाठी अँटिबायोटिक देऊ नये, दातावर उपचार करावा आणि तोवर दुखण्यावर आयबुप्रोफेन, गरजेप्रमाणे पॅरासिटामॉलच्या जोडीने द्यावे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा येतो की कीड ही जंतूंचीच करणी आहे, मग जंतू मारणारे औषध का चालू नये? यातला पहिला भाग अगदी बरोबर आहे. १९६५ मध्ये काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदीर संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, काही साध्या. दोन्हींच्या दातांत छिद्र पाडून गर उघडा केला. साध्या उंदरांच्या दातांतला गर कुजला, मुळाशी पू झाला. निर्जंतुक उंदरांच्या दातांत तसे काही झाले नाही, उलट गरावर नवे कठीण आवरण तयार होऊ लागले. तेव्हा गुन्हेगार जंतूच आहेत, यात वाद नाही. प्रश्न आहे तो औषध त्यांच्यापर्यंत पोचण्याचा. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्त नेईल तिथेच जाते. उन्हाळ्यात वस्तीकडे जाणारा रस्ताच खचला असेल तर पाण्याचे टँकर दहा पाठवा की शंभर, वस्ती कोरडीच राहते. मेलेल्या गरात रक्त नाही, म्हणून औषध नाही. शिवाय मुळाच्या आतल्या भिंतींवर जंतू सुटे नसतात, चिकट थर करून राहतात, आणि अशा थरात औषधाचा जोर आणखी कमी पडतो. ती जागा साफ करायची तर दात उघडून आतला कुजलेला भाग काढावा लागतो, म्हणजे रूट कॅनॉल. ते शक्य नसेल तर दातच काढावा लागतो. तिसरा मार्ग नाही.

इथे एक गोष्ट मात्र तितक्याच ठामपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणी नको तेवढा धीर धरेल. दाताचा संसर्ग माणसाचा जीव घेऊ शकतो. मुळाबाहेर आलेले जंतू जबड्याखालच्या मऊ जागेत पसरले तर जिभेखालचा भाग दगडासारखा कठीण होतो, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होत जाते. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये याचे वर्णन केले, आणि आजही हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अँटिबायोटिके येण्यापूर्वी तो झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे दगावत. आज बहुतेक वाचतात. त्यात या औषधांचा मोठा वाटा आहे, आणि तितकाच मोठा वाटा वेळेवर श्वासमार्ग मोकळा ठेवण्याचा आणि पू बाहेर काढण्याचा आहे. म्हणून दाढदुखीसोबत ताप आला, तोंड उघडेना, गिळताना त्रास होऊ लागला, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकू लागली, तर त्या तासाला मोठ्या रुग्णालयात जायचे. रायपुरात डॉ. आंबेडकर रुग्णालय आहे, टाटीबंधला एम्स आहे. तिथे अँटिबायोटिक शिरेतून दिले जाईल, आणि ते योग्यच असेल. मधुमेह आटोक्यात नसलेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांचा विचार डॉक्टर वेगळा करतात. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाला दात काढण्यापूर्वी एक मात्रा देतात, तीही वेगळ्या कारणासाठी. पण या सगळ्या प्रसंगांत औषध दाताच्या आतल्या जंतूंसाठी नसते. ते दाताबाहेर, रक्त पोचते त्या भागात निघालेल्या जंतूंसाठी असते.

मुळाशी पू झाला आहे, हिरडी सुजली आहे, पण ताप नाही, अशी मधली अवस्थाही असते. तिच्यात गोळीने काही दिवस सूज उतरते हे मान्य केले पाहिजे, कारण मुळाभोवतीच्या हाडात रक्त खेळते असते. अमेरिकन मार्गदर्शिकाही म्हणते की पू झालेला असेल आणि दातावरचा उपचार लगेच मिळणार नसेल, तर अमॉक्सिसिलिन देता येईल. हा अपवाद छत्तीसगडपुरता फार महत्त्वाचा आहे. सुकमा किंवा नारायणपूरच्या आतल्या गावातल्या माणसाला दाताच्या खुर्चीपर्यंत पोचायला दिवस लागत असतील, तर त्या दिवसांसाठी डॉक्टरने गोळी लिहून दिली तर तिला अर्थ आहे. सदर बाजारातल्या माणसाला ही सवलत लागू होत नाही. त्याच्या दुकानापासून थोड्याच अंतरावर दाताचे दवाखाने आहेत, आणि राज्याचे शासकीय दंत महाविद्यालय याच शहरात आहे. जिथे खुर्ची हाकेच्या अंतरावर आहे तिथे गोळी हा पूल राहत नाही, तो मुक्काम होऊन बसतो. आणि मुक्काम फसवा असतो. मुळाच्या आतला साठा तसाच राहतो, दोन-तीन महिन्यांनी सूज परत येते, पुन्हा तेच पाकीट आणले जाते. दर खेपेला मुळाभोवतीचे हाड थोडे थोडे झिजत असते.

‘सूज आहे तोवर दात काढता येत नाही, आधी पाच दिवस गोळ्या घ्या’ हे वाक्य तर घराघरांत ऐकू येते, काही दवाखान्यांतही. त्यामागे एक खरे निरीक्षण आहे. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे टोचलेले बधिरतेचे औषध नीट काम करत नाही. पण त्यावर उपाय आहे. इंजेक्शन सुजेवर न देता लांब, नस जबड्यात शिरते त्या ठिकाणी देता येते, किंवा आधी पू काढून दाब कमी करता येतो. तोंड उघडत असेल आणि जागा बधिर होत असेल, तर दुखरा दात काढणे हाच संसर्गाचा उगम काढण्याचा सगळ्यात जलद मार्ग आहे. पाच दिवस थांबणे म्हणजे उगम पाच दिवस जागेवर ठेवणे.

मग डॉक्टरच का लिहून देतात, हा पुढचा प्रश्न. जगभर माणसांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकांपैकी सुमारे दहावा भाग दंतवैद्यांच्या हातून जातो, असा अंदाज आहे. त्यातले सगळे अज्ञानातून येते असे म्हणणे अन्यायाचे होईल. रूट कॅनॉलला वेळ लागतो, चिठ्ठीला लागत नाही. इंग्लंडने याचे फार बोलके उदाहरण नकळत पुरवले. कोरोनाच्या साथीत तिथल्या दाताच्या खुर्च्या बंद झाल्या, सल्ला फोनवर देण्याची वेळ आली, आणि एप्रिल ते जुलै २०२० या चार महिन्यांत दंतवैद्यांनी लिहिलेली अँटिबायोटिके आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. या चार महिन्यांत जंतू बदलले नव्हते, फक्त खुर्ची उपलब्ध नव्हती. गोळीचा खप हा आजाराचा मापदंड नसून उपचार न मिळाल्याचा मापदंड आहे, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसते. आपल्याकडे रुग्णाची अपेक्षाही त्यात भर घालते. चिठ्ठीत ‘भारी’ गोळी नसेल तर डॉक्टरने काही दिलेच नाही, असे घरी जाऊन सांगितले जाते. वेळ घेऊन दात उघडणारा आणि अँटिबायोटिक न लिहिणारा दंतवैद्य रुग्णाचे अधिक भले करतो. त्याची कदर केली पाहिजे.

पैशाचा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि त्याला झटकून टाकणे बरे नाही. खासगी दवाखान्यात रूट कॅनॉल आणि वरची टोपी मिळून काही हजार रुपये जातात. गोळ्यांचे पाकीट शे-दीडशेत येते. रोजंदारीवरच्या कारागिराला हा हिशेब कोणी शिकवायची गरज नाही. पण हिशेब एका खेपेचा मांडला तरच गोळी स्वस्त दिसते. पाकिटे चार-पाच वेळा आणली जातात आणि शेवटी दात काढावाच लागतो. कीड लवकर दाखवली असती तर साध्या भरणीत भागले असते. रूट कॅनॉल परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात दात काढून घेणे हा कमीपणाचा मार्ग नाही. मुळाशी पू घेऊन वर्षभर हिंडण्यापेक्षा तो कितीतरी बरा. आणि मधल्या दोन दिवसांसाठी दुखण्याला उतारा आहेच. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ही जोडी दाढदुखीवर प्रभावी ठरलेली आहे. पोटात अल्सर असलेले, मूत्रपिंडाचे रुग्ण, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि गरोदर स्त्रिया यांनी आयबुप्रोफेन डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. केटोरोलॅकची विरघळणारी गोळी आपल्याकडे दाढदुखीवर फार खपते. तिचा गुण लवकर येतो, पण ती पोटाला आणि मूत्रपिंडाला त्याहून कडक आहे, आणि चिठ्ठीविना दिवसचे दिवस घेण्याची वस्तू नव्हे. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिरता येते. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याची सवय मात्र सोडावी, तिने हिरडी अक्षरशः भाजते.

छत्तीसगडात या प्रश्नाला एक खास पदर आहे. इथे गुडाखू नावाचा तंबाखू आणि गुळाचा लगदा सकाळी दातांना घासला जातो, बायकाही घासतात. महाराष्ट्रातल्या मिश्रीची ही सख्खी बहीण. दात दुखतो म्हणून बोटावर घेतलेली चिमूट बघता बघता रोजची होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत छत्तीसगडमधले सुमारे ३९ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले, आणि त्यात बिनधुराच्या तंबाखूचाच भरणा मोठा होता. अशा तोंडात हलणारा दात, न भरणारे छाले किंवा हिरडीवरची गाठ म्हणजे दरवेळी कीड नसते. तोंडाचा कर्करोगही असाच सुरू होतो, आणि महिना-दोन महिने अँटिबायोटिकांची पाकिटे बदलत बसल्यामुळे तो ओळखण्याची वेळ निघून जाते. तंबाखू लावणाऱ्याच्या तोंडातली कोणतीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती दाताच्या डॉक्टरला दाखवलीच पाहिजे. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत दुःखाची बाजू वाटते.

‘एका पाकिटाने काय बिघडते’ असेही म्हटले जाते. घेणाऱ्याचे बिघडू शकते. पुरळ, जुलाब, क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी. त्याहून मोठे नुकसान सगळ्यांचे होते. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा देशी पेनिसिलिन ही स्वतंत्र भारताच्या अभिमानाची गोष्ट होती. न्यूमोनियाने आणि बाळंतरोगाने मरणारी माणसे त्या औषधाने वाचत होती. पेनिसिलिनचा शोध लावणारे फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते की दुकानातून आणून अर्धवट मात्रेत हे औषध घेणारे लोक जंतूंना ते पचवायला शिकवतील. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा लॅन्सेटमध्ये छापलेला अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात भारत ज्या विभागात येतो त्या दक्षिण-पूर्व आशियात प्रयोगशाळेने तपासलेल्या दर तीन संसर्गांपैकी एक औषधाला दाद देत नसल्याचे दिसते. सदर बाजारातल्या दाढेसाठी घेतलेली गोळी दाढेला उपयोगी पडत नाही, पण तोंडातल्या आणि आतड्यातल्या अब्जावधी जंतूंना ती भेटतेच. उद्या त्याच घरातल्या बाळाला किंवा म्हाताऱ्याला न्यूमोनिया झाला की त्याचा हिशेब लागतो.

कायदा आहे. ही औषधे चिठ्ठीविना विकता येत नाहीत, पाकिटावर उभी लाल रेघ त्यासाठीच असते. १ मार्च २०१४ पासून त्यातल्या कितीतरी औषधांना एच-१ या यादीत टाकून रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहिण्याचे आणि ती वही तीन वर्षे जपण्याचे बंधन विक्रेत्यावर आले. नियमांनी एकट्याने हे थांबलेले नाही, कारण काउंटरच्या दोन्ही बाजूंना तोच अनुभव उभा आहे, ‘मागे याच गोळीने थांबले होते.’ औषधविक्रेत्यांना माझी विनंती आहे की दाढदुखीच्या गिऱ्हाइकाला फक्त वेदनाशामक द्यावे आणि जवळच्या दंतवैद्याचा पत्ता सांगावा. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी वर्षातून एकदा दातांची तपासणी ठेवली तर कीड भरणीच्या अवस्थेतच सापडेल. आणि ज्यांची दाढ मागे कधी खूप ठणकली होती, गोळ्या घेतल्यावर शांत झाली आणि आज काहीच दुखत नाही, अशा वाचकांनी या महिन्यातच दाताच्या डॉक्टरकडे जाऊन त्या दाढेचा एक्स-रे काढून घ्यावा.